जनरेटरची ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचा क्लच आणि पाचवा गिअर

साक्री_मंडपवाला

राम राम मंडळी. गाडी दीड टनी डिझेल पिकअप, पाच गिअर, ओढ मागच्या चाकांना. हौद्यात मंडपाचे पाइप नि केबल, मागे ६२.५ केव्हीए जनरेटरची ट्रॉली. लग्नसराईत साक्री-नवापूर चालू असतं, म्हणजे कोंडाईबारी घाट आलाच. क्लच सेट एका सीझनच्या वर टिकत नाही. सध्या असं होतंय:

चौथ्या गिअरला चढावर दाबली की इंजिन बोंबलतं, पण गाडी तेवढी पळत नाही. गाडी तापली की रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतं, सकाळी थंडीला नाही वाजत. पाचव्यात बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि उतारावर पाय उचलला की पाचवा आपोआप न्यूट्रलला येतो.

एक मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्सच बदला, दुसरा म्हणतो हेवी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट जास्त जोराने दाबून धरणारी) टाका. कोणाचं ऐकू?

बेलहाऊसिंग

भाऊ, अजून कोणाचंच ऐकू नका. क्लच आणि पाचवा गिअर ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकात एक मिसळली की खर्च दुप्पट होतो.

आधी क्लच खरंच स्लीप मारतो, म्हणजे घसरतो, का ते बघा. ट्रॉली सोडून सपाटीला गाडी उभी करा, हँडब्रेक कचकचून ओढा, पुढे माणूस उभा नको. इंजिन चालू, तिसरा गिअर, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट अजून धरते. घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट गेली. ही तपासणी एकदाच करा. मजा म्हणून चार वेळा केलीत तर उरलेली प्लेटही जाईल.

रिव्हर्सचं उलटं आहे. तिथे क्लच घसरतोय असं नाही, तो पूर्ण सुटत नाही. गरम झाल्यावरच होतं म्हणता, तर पहिला संशय क्लचच्या ऑइलवर, म्हणजे ब्रेकला असतं त्याच फ्लुइडवर. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की एप्रिल-मेच्या उन्हात, वर क्लचच्या आचेने, पाइपात वाफ धरते आणि पेडल दाबूनही क्लच सोडवणारा खालचा छोटा सिलिंडर पूर्ण सरकत नाही. झाकण उघडून बघा, ऑइल चहासारखं काळपट दिसलं तर सगळं बदला. डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावरच लिहिलेलं असतं. हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालच्या सिलिंडरची निप्पल उघडून बंद करायची, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि वरची डबी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही. खालच्या सिलिंडरचं रबर उचलून आत ओलं आहे का तेही बघा. ओलं असेल तर कप (आतलं रबरी सील) गेलाय, नुसती हवा काढून चार दिवस निघतील.

एवढं करूनही वाजलं तर प्लेट तापून वाकडी झाली आहे किंवा पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) जाम आहे. त्यासाठी बॉक्स खाली घ्यावाच लागेल.

तापीकाठ

क्लच कोंडाईबारीत जळत नाही, लॉनच्या गेटवर जळतो. हिशोब करा ना भो.

इंजिन आयडलला मिनिटाला ८०० फेरे. रिव्हर्सचा रेशो साधारण ४ (इंजिनाचे चार फेरे, तेव्हा पुढे एक), मागच्या एक्सलचाही ४ च्या वरच. म्हणजे चाकाला मिनिटाला ४५-५० फेरे. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास. क्लच पूर्ण सोडला तरी गाडी ताशी साडेपाच-सहा किमीने मागे जाणार. ट्रॉली लावताना तुम्ही जाता ताशी एक-दोन किमीने. मधला सगळा फरक प्लेट घासून भरून निघतो, आणि वीस मिनिटं "अजून थोडं, अजून थोडं" चाललेलं असतं. त्यात शेतात मंडप असला आणि काळी माती भुसभुशीत असली की चाक रुतलेलं, दीड टनाचा जनरेटर मागे, अन् ड्रायव्हर हाफ क्लचवर.

उपाय साधा आहे. मागे घेताना क्लच पूर्ण सोडून आयडलवर दोन-तीन मीटर जायचं, मग पेडल पूर्ण दाबून ब्रेक. मधलं काही नाही. शेवटचं वळण असेल तर ट्रॉली सोडून पुढच्या छोट्या चाकावर माणसं लावून ढकला, किंवा गावात ट्रॅक्टर असतोच, त्याला सांगा. मऊ मातीत टायरखाली फळ्या टाका. करपल्याचा वास आला की दहा-पंधरा मिनिटं थांबा, गिअर न्यूट्रलला आणि पाय पेडलवरून बाजूला.

चढावर थांबलात तर हँडब्रेकवर गाडी धरून पहिल्यातच उचला. दुसऱ्यात उचलायची सवय रिकाम्या गाडीची. आणि ट्रॉलीचे हब हात लावून बघा, एक जास्त तापलं असेल तर तिकडे ब्रेक किंवा बेअरिंग धरतंय. ते ओझं तुमचा क्लच ओढतोय.

चौथा_गिअर

पाचव्याचं मी सांगतो. अशा गाडीच्या लांबीत बसवलेल्या पाच गिअरच्या बहुतेक बॉक्समध्ये चौथा डायरेक्ट असतो. इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांत अडकतात, जोर कोणत्याच दात्यांवरून जात नाही. पाचव्याला तोच जोर काउंटर शाफ्टवरून (शेजारचा दुसरा शाफ्ट) दोन जोड्यांमधून फिरून येतो. शिवाय बऱ्याच बॉक्समध्ये पाचवा अगदी मागच्या टोकाला, ऑइल कमी असेल तर पहिला कोरडा पडणारा. घाट उतरताना नाक खाली, ऑइल पुढे, मागचा गिअर उपाशी. म्हणून ट्रॉली मागे असेल तर पाचवा वापरूच नका. चौथ्यात १८०० ते २५०० फेऱ्यांमध्ये ठेवा. डिझेल थोडं जास्त जाईल, जाऊ द्या.

पाय उचलल्यावर निसटतो याचं कारण असं की तेव्हा दात्यांवरचा दाब उलटा होतो. घासून तिरपे झालेले दाते स्लीव्हला (गिअर शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) बाहेर ढकलतात. पण बॉक्स उघडण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बघा. ते बसले असतील तर बॉक्स हलतो आणि गिअर नुसता अर्धा पडतो. मग गिअर जागेवर धरणारे लॉक बॉल-स्प्रिंग, स्लीव्ह सरकवणारा फोर्क, आणि काउंटर शाफ्टच्या टोकाचा नट सैल आहे का ते. लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती सोडा, फोर्क त्यानेच झिजतो.

आता गिअरबॉक्सचं ऑइल. गाडी सपाटीवर, आधी वरचा भरायचा नट उघडा, तो सुटला तरच खालचा. उलटं केलं आणि वरचा अडकला तर गाडी तिथेच उभी. चुंबकाच्या नटावर राखाडी लगदा चालतो. चमचम पिवळे कण म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग), टोकदार लोखंडी चुरा म्हणजे दाते किंवा बेअरिंग.

साक्री_मंडपवाला

गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, बरंच कमी निघालं. मागे प्रॉपेलर शाफ्टच्या सीलला चिकट काळं साचलंय. नटावर लगदा आणि थोडे पिवळे कण, लोखंड नाही. क्लच तिसऱ्यात घुरघुरत राहिला. हेवी प्रेशर प्लेटचं मात्र कोणी बोललं नाही.

बेलहाऊसिंग

नका टाकू. पेडल जड होतं, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर जोर वाढतो. आणि आज प्लेट घसरून जो झटका पचवते तो उद्या गिअरच्या दात्यांवर जाईल. कंपनीच्या मापाचा सेट पुरेसा आहे.

लोखंडी चुरा नाही, तर बॉक्स बदलायचं कारण नाही. बॉक्स खाली येणारच आहे, तेव्हा एकाच वेळी हे करून घ्या: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सची पुढची-मागची दोन्ही सील. पाचव्याची सिंक्रो रिंग आणि स्लीव्ह बघून. जुन्या प्लेटवर ऑइल असेल तर वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, नाहीतर इंजिनचं.

फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर बसते ते इंजिनामागचं जड चाक) निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणं. डाग न काढता नवी प्लेट बसवली की क्लच सोडताना गाडी थरथरते. तडे खोल असतील किंवा स्प्रिंगवालं दुहेरी फ्लायव्हील असेल तर फेसिंग नको, बदलाच.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. प्लेट डमी शाफ्ट घालून बरोबर मध्यावर, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत, स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस नखभर. जास्त झालं की तेच प्लेटवर उडतं. बॉक्स चढवताना इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, प्लेटचा हब तिथेच वाकतो. खाली जॅक हवा.

चौथा_गिअर

ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच. जीएल-४ लिहिलं असेल तर दुकानदार "हे त्याच्याहून भारी" म्हणून जीएल-५ देईल, घेऊ नका. ते एक्सलसाठी ठीक, बॉक्समध्ये पितळी सिंक्रोला त्रास देतं. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, सांडायला लागलं की बंद. पहिले ५०० किमी ट्रॉली लावू नका, नवी प्लेट बसू द्या. तेवढ्यात सीझनची ऑर्डर असेल तर जनरेटर दुसऱ्या गाडीला जोडा.

तापीकाठ

आणि जनरेटर, पाइप, केबल सगळं लादून एकदा काट्यावर घ्या. पिकअप वेगळी, ट्रॉली वेगळी. आरसीवरच्या ग्रॉस वजनाच्या वर हौदा भरत असेल तर पाइप दुसऱ्या गाडीत टाकावे लागतील. हुकवर ट्रॉलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार ठेवा. फार कमी असेल तर ट्रॉली शेपटी हलवते, फार जास्त असेल तर पिकअपचं पुढचं तोंड उचललं जातं.