कुबाची बोली: आधी साहित्यिक दार्ग्वा शिकावी का?

शेंगाचटणी (सोलापूर):
एम.ए.च्या सेमिनारला रशियातल्या दागेस्तानातल्या दार्ग्वा भाषेची कुबाची बोली घेतली आहे. शाळेत शिकवतात ती साहित्यिक दार्ग्वा अकुशा बोलीवर बेतलेली. आधी तीच शिकली तर कुबाची कळेल का? क्रियापदं आणि उच्चार, दोन्हीकडे अडलंय.

हुरडापार्टी:
नाही कळणार. साधं 'मी' घ्या: अकुशात 'नु', कुबाचीत 'दु'. बोलींत इतकं अंतर आहे की बरेच अभ्यासक त्यांना वेगळ्या भाषाच धरतात. भाषातज्ज्ञ मागोमेतोव्ह यांच्या १९६३च्या ग्रंथाचं नावच 'कुबाची भाषा'. आपल्याकडे एकाच पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू चालतात, पण त्यांना कोणी एका भाषेच्या बोली म्हणत नाही.

क्रियापदाला मात्र घाबरू नका. 'तू भाकरी खाल्लीस' यात 'ली' भाकरीची आणि 'स' तुझा. दार्ग्वातही असंच: वर्गाची (आपल्या लिंगासारखी) खूण खाल्लेल्या वस्तूची, मी-तू दाखवणारा प्रत्यय वेगळा. एकवचनात नामांचे वर्ग तीन: पुरुष, स्त्री आणि बाकी सगळं. फसगत दोन ठिकाणी होते. आपल्याकडे 'मी भाकरी खातो' म्हटलं की क्रियापद 'मी'कडे वळतं. तिथे वर्तमानातही ते साधारणपणे भाकरीलाच धरून राहतं. आणि आपले 'मी, तू' बिनप्रत्ययाचे, तिथे त्यांनाही कर्त्याचा प्रत्यय: अकुशात 'नु'चं 'नुनि'.

कडकभाकरी:
उच्चारांचं सांगतो. कंठ बंद करून काढायचा 'क' मराठी माणूस हमखास 'ख' करून टाकतो. 'ख'ला फुफ्फुसातली हवा लागते, याला नाही. श्वास रोखून 'क' म्हणा. टचकन आवाज आला की जमलं. शिवाय कुबाचीत साधं आणि कडक व्यंजन असा भेद आहे. 'पक्का'मधल्या 'क्क'सारखं, पण शब्दाच्या सुरुवातीलाही येतं. अकुशात हे कडक स्फोट नाहीत, बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी घोष व्यंजन ('ग', 'द', 'ब'सारखं) सापडतं. म्हणून अकुशाची शब्दयादी पाठ करून कुबाची ऐकायला बसलात तर ओळखीचे शब्दही निसटतात.

दार्ग्वा सिरिलिक लिपीत टंकताना कंठबंद आवाजाची उभी काठी नीट निवडा. तिथे १ चा आकडा किंवा रोमन आय टाकला तर दिसायला सारखंच, पण शोध लागत नाही.

हुरडापार्टी:
एक राहिलंच. कुबाची गावाचं जुनं फारसी नाव ज़िरिहगेरान, म्हणजे कडीचं चिलखत घडवणारे. तोच 'ज़िरिह' आपल्या जिरेटोपात बसलाय.

शेंगाचटणी:
मग अकुशा बाजूला ठेवते. 'खाल्लीस'मधल्या 'स'पासून सुरुवात.