ॲक्चुअरीचे पेपर की एमएस्सी? सल्ला हवा आहे

आकडेमोडी
नमस्कार मंडळी. नाशिकहून बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालंय. ॲक्चुअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणारी तज्ज्ञ, व्हायचंय. त्याची प्रवेशपरीक्षा एसीईटी पास, संख्याशास्त्राचा पेपर सीएस१ सुटला, विम्याच्या गणिताच्या सीएम१ला एकदा आपटी खाल्ली. आईबाबा म्हणतात, "पेपर सुटतील तेव्हा सुटतील, हातात डिग्री असू दे." मला प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्सची, म्हणजे जुन्या डेटावरून पुढचा अंदाज बांधण्याची, गोडी लागलीय. एमएस्सीसाठी डोळ्यासमोर एडिनबराचं हेरियट-वॉट आणि अमेरिकेतलं अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ आहे. कर्ज काढावंच लागेल. काय करू?

चहाबाज_ठाणे
मी मोटार विम्याच्या प्रायसिंगमध्ये आहे. एक सांगतो, आमच्याकडे मुलाखतीला एमएस्सीवाले रांगेनं येतात. एक्सजीबूस्टसारखं मशीन लर्निंगचं तंत्र सगळ्यांना येतं, एक्सपोजर, म्हणजे पॉलिसी डेटात किती काळ चालू होती ते, विचारलं की गडबड. डिसेंबरात घेतलेली पॉलिसी मार्चअखेरच्या डेटात चारच महिने जगलेली असते. तिला वर्षभराची धरलीत की नवे ग्राहक एकदम गुणी दिसायला लागतात. त्यासाठी क्लेमच्या संख्येचा अंदाज देणाऱ्या पॉयसन जीएलएम मॉडेलमध्ये एक्सपोजरचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणक १ ठेवून, घालायचा. क्लेमच्या रकमेसाठी बहुधा गॅमा जीएलएम, तेही लॉग लिंक घेऊन, म्हणजे घटकांचे परिणाम एकमेकांना गुणले जातात.

आणखी एक गंमत. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीचा, प्रीमियम सरकार ठरवतं, तिथे तुमचं मॉडेल काय करणार? ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, दर २००७पासून खुले झाले, आमचं खरं काम त्यात.

उकडीचा_मोदक
अगं, आधी देश ठरव. मी एडिनबराला शिकले. मार्क नीट पडले तर तिथल्या एमएस्सीतून ब्रिटिश ॲक्चुअरी संस्थेच्या कोअर पेपरांची एक्झेम्प्शन्स, म्हणजे सूट, मिळतात, म्हणजे सीएम१शी पुन्हा झटापट नाही. अमेरिकेत गेलीस तर गाडी तिथल्या ॲक्चुअरी संस्थेच्या, एसओएच्या, रुळावर: पी (संभाव्यता), एफएम (वित्ताचं गणित), एसआरएम (जोखमीचं सांख्यिकी मॉडेलिंग), मग पीए. पीए म्हणजे प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्सचाच पेपर. त्यात नुसतं मॉडेल कळून भागत नाही, ते समजावून लिहावं लागतं. आपल्या मुलांची दांडी तिथेच उडते.

थंडीबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते: वारा छत्री उलटी करतो. रेनकोट ने.

चहाबाज_ठाणे
मोदकताईंचं पटलं, पण कर्ज काढून जायचं तर एक्झेम्प्शनच्या भरवशावर जाऊ नकोस. आधी वर्षभर इथे नोकरी कर आणि सीएम१ काढ. तोवर आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॅसडेटासेट्स पॅकेजमधला फ्रेंच मोटार विम्याचा डेटा घे, ६,७८,०१३ ओळी आहेत. एक्सपोजरचा रकाना आधी बघ.

आकडेमोडी
काका, काल रात्री बसले. क्लेमच्या संख्येला ओळींनी सरळ भाग दिला तर साधारण ५ टक्के, एक्सपोजरनं (वर्षांत) भागलं तर १०! सीएम१चा फॉर्म भरतेय. मोदकताई, एक्झेम्प्शनला किती मार्क लागतात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?