झोपलेला लॅपटॉप उठेना! तुमचे अनुभव सांगा

मांडवीकाठ
काल संध्याकाळी शेजारची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून धावत आली. रात्री झाकण मिटून ठेवला होता, उघडला तर पडदा काळा आणि बटणाजवळचा दिवा मात्र लुकलुकतोय. दुसऱ्या दिवशी तिची ऑनलाइन मुलाखत. बाहेर पाऊस असा की पायरीवर उभं राहून बोललेलं आत ऐकू येईना. चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरून तीसपर्यंत आकडे मोजले, सोडलं, चार्जर लावला, पुन्हा बटण दाबलं. चालू! "थँक्यू काका" म्हणून ती गेलीसुद्धा. मी मात्र बाबांच्या लॅपटॉपची आठवण काढत बसलो.

२००९ सालची गोष्ट. बाबा निवृत्त मास्तर. गावच्या देवळाचा इतिहास लिहायला घेतला होता. महाजन (देवळाचे हक्काचे कारभारी) कोण, कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारे) कोण, पोर्तुगीज काळात देव नदीपलीकडे कसा नेला, सगळं. व्हिस्टावाला जाडजूड लॅपटॉप. तो बंद करणं बाबांना मान्यच नव्हतं. "उद्या इथूनच पुढे लिहायचंय ना, मग बंद कशाला?" एके दिवशी तो उठेना. पणजीतल्या एका दुकानात न उघडताच "मदरबोर्ड गेला" म्हणाले आणि जो आकडा सांगितला तो ऐकून बाबा तिथल्या तिथे उठले. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्या पोराने मागची बॅटरी काढली (तेव्हा निघायच्या), बटण धरून ठेवलं, बॅटरी परत बसवली आणि यंत्र सुरू. पण सेव्ह न केलेली पानं गेली. झोपेत सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतं, रॅमची वीज तुटली की पुसलं जातं. हे बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कागद बरा."

तर मंडळी, तुमचा लॅपटॉप कधी असा झोपून राहिला का? काय केलंत? चवथीच्या साफसफाईतून वेळ मिळेल तसं लिहा.

फोंड्याची सून
माझ्या लॅपटॉपचा पंखा फिरायचा पण पडदा काळा. नवरा म्हणाला गेला. भाच्याने फोनवर सांगितलं, मामी, कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतो-विझतो म्हणजे यंत्र जागं आहे, पडदाच तेवढा रुसलाय. मग विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम. बारीकसा आवाज आला, पडदा लागला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो म्हणे. बाकी नंतर, कुकर झाला.

सदाशिवपेठी
गोव्यातला लॅपटॉप ना? दुपारी २ ते ४ उठवायचा प्रयत्नच करू नये.

डिचोलीचो
१ ते ४ दुकानं बंद ठेवणाऱ्या गावच्या माणसाने हे बोलावं!

सदाशिवपेठी
शरण.

अंत्रुजी
आमच्या जत्रेतलं नाटक. ऐतिहासिक. तुतारी, घोड्यांच्या टापा, तोफ, सगळे आवाज लॅपटॉपवर भरून ठेवलेले. पहिला अंक झाला आणि पावणी सुरू झाली. ज्यांना गोव्यातली पावणी माहीत नाही त्यांच्यासाठी: देवापुढच्या वस्तूंचा लिलाव. एका नारळावरून दोन वाड्यांची अशी चढाओढ लागली की संपायचं नाव नाही. तोवर लॅपटॉप निवांत झोपला. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, महाराज आले, तुतारी नाही. पोरगं बटणं बडवतंय. शेवटी लॅपटॉप उठला पण आवाज येईना, कारण बाहेरून यूएसबीला जोडलेलं साउंड कार्ड उठलंच नव्हतं. ऑर्गनवाल्याने सूर धरून वेळ निभावली, आणि प्रेक्षकांना वाटलं असंच बसवलंय. परीक्षणात संगीताची स्तुती आली!!

नंतर कळलं, पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची गोष्ट असते, वीज वाचवायला ती यूएसबीवरची उपकरणं निजवते. ती बंद केली, आणि नाटकाच्या दिवशी स्लीपला 'नेव्हर'. ऑर्गनवाले अजून चिडवतात.

रानमोगरा
अंत्रुजी, कुठलं नाटक? आमच्या गावात पण ह्या वर्षी करतायत, स्त्री पात्राला कोणी मिळेना. तुमच्याकडे आहे का कोणी?

अंत्रुजी
व्यनि (खाजगी निरोप) करतो.

पर्वरीत पाहुणा
नोकरी पुण्याची, लॅपटॉप कंपनीचा, मी पर्वरीत. मला उठण्याआधी झोपण्याचाच त्रास. झाकण मिटून बॅगेत टाकला, मोपाच्या विमानतळावर उतरून बॅग उघडली तर लॅपटॉप भाकरीच्या तव्यासारखा तापलेला, बॅटरी तळाला आणि बटणाला दाद नाही. गार झाल्यावर, चार्जर लावल्यावर सुरू झाला. हे काय प्रकरण आहे? आयटीवाले म्हणतात, रीस्टार्ट करा.

खटपट्या
पाहुणेबुवा, हे प्रकरण मोठं आहे. जरा सविस्तर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक नाही.

झोपेच्या दोन जाती आहेत. जुनी एस-थ्री. तिच्यात प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅमला थोडी वीज. नवीन ती मॉडर्न स्टँडबाय. विंडोज ८ बरोबर २०१२ला 'कनेक्टेड स्टँडबाय' म्हणून आली, विंडोज १० पासून हे नाव. हिच्यात यंत्र पूर्ण झोपतच नाही, मोबाइलसारखं पडदा मिटून पडून राहतं, मधूनमधून नेटवर जाऊन ईमेल-अपडेट बघतं. एखादा ड्रायव्हर नीट वागला नाही की बॅगेत बंद असतानाही काम चालूच. म्हणून ताप.

आणि ते न उठणं: ह्या जातीत झोपेत बॅटरी ठरावीक हिश्श्यापेक्षा जास्त उतरली की विंडोज स्वतःच हायबरनेटमध्ये जातं. म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद. मग कुठलीही कळ दाबा, ढिम्म. पॉवरचंच बटण लागतं आणि वर यायला वेळ लागतो. निम्मे लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबून धरतात आणि उघडं काम घालवतात. दुकानात येणाऱ्या "उठत नाही"पैकी बरेचसे हेच.

तुमचा कुठल्या जातीचा ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) आणि ए. यादी येते. 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं की नवीन जात. बॅगेत घालायचा असेल तर झाकण मिटल्यावर 'स्लीप' ऐवजी 'हायबरनेट' लावून ठेवा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे मिळेल. कंपनीचा असल्यामुळे कुलूप लावलेलं असेल तर आयटीवाल्यांचे पाय धरा.

अजून एक. 'शट डाउन' केलं म्हणजे सगळं धुऊन निघालं असं नसतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप असतं, गाभ्याचा भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत उचलतं. रीस्टार्टला मात्र खरोखर नव्याने. त्यामुळे आयटीवाले अगदीच चुकीचं सांगत नाहीत.

पर्वरीत पाहुणा
देव बरें करूं! (एवढी कोकणी आली.) हायबरनेटचा पर्याय दिसतोय, कुलूप नाही.

मांडवीकाठ
खटपट्याबाब, दुकान कुठे ते सांगू नका, नाहीतर उद्या अख्खा धागा दारात.

शाळा सुटली
मी शाळेच्या ऑफिसात. मार्क भरायच्या दिवसांत लॅपटॉप मध्येच झोपायचा, काही केल्या उठायचा नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं की तो आल्यावर व्यवस्थित. परत गेला की पुन्हा तेच. त्याला वाटलं बाई भ्रमिष्ट आहे. सर म्हणाले वास्तू बघून घेऊ.

कारण ऐका. माझ्या मोबाइलचं कव्हर पाकिटासारखं, चुंबकाने मिटणारं. काम करताना मी ते टचपॅडच्या बाजूला ठेवते. आणि लॅपटॉपला झाकण मिटलंय की नाही हे चुंबकानेच कळतं, झाकणात चुंबक, खाली सेन्सर. माझं कव्हर जवळ आलं की त्याला वाटायचं झाकण मिटलं. दुरुस्तीवाला असताना का चालायचं? त्याला फोन करायला मोबाइल माझ्या हातात असायचा!

फोंड्याची सून
🤣🤣 वास्तू!!

खटपट्या
ह्याला म्हणतात निदान. एकावर एक दोन लॅपटॉप ठेवले तरी वरचा असाच झोपतो. चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ घालणारेही येतात.

करंझाळे वारा
समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वरचं सगळं करूनही उठला नाही तर रॅम काढून बघा. आमच्याकडे खिडकीची लोखंडी कडी टिकत नाही, तिथे ह्या नाजूक गोष्टींचं काय. खारी हवा ओल ओढून घेते. माझा दर जूनमध्ये आजारी पडायचा. रॅमच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवली, आजतागायत ठीक.

खटपट्या
खोडरबर नको हो. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासून जातो, वर रबराचा भुगा खाचेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड. आधी चार्जर काढा, आतली बॅटरीची पिनही काढा.

करंझाळे वारा
वर्षानुवर्षं रबरच वापरतोय, काही झालं नाही.

खटपट्या
होईपर्यंत होत नाही.

डिचोलीचो
तुमच्याकडे मीठ, आमच्याकडे मुंग्या. कीबोर्डच्या खाली अंडी. गरम जागा आवडते त्यांना. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवा, बुटांच्या खोक्यातल्या टाकू नका. तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदूळ फारशी ओल काढत नाही आणि पीठ आत जातं.

रानमोगरा
मुंग्यांवर कोणी हळद टाकून बघितली का? लॅपटॉपवर नाही, ओट्यावर.

फोंड्याची सून
हळद चालते, पण चवथीच्या आधी ओटा पिवळा नको बाई. खडू ओढ. नेवऱ्या कधी करतेस?

रानमोगरा
रविवारी. खोबरं किती महाग झालंय बघितलंस? लॅपटॉपवाले सॉरी.

टक्स
लिनक्सवाले कोणी? माझा झाकण उघडलं की काळा. एक फाइल असते, मेम_स्लीप नावाची, तिच्यात 'एस-टू-आयडल' (हलकी झोप) की 'डीप' (गाढ झोप) ते दिसतं. माझ्यात डीप होतं आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड त्यातून परतायचं नाही. ड्रायव्हर बदलल्यावर जमलं. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं की धाकधूक.

सदाशिवपेठी
मॅक घ्या, सुखी व्हा.

सांतिनेजकरीण
मॅकलाही होतं हो. माझा इंटेलवाला असाच अडकला होता, एसएमसी (वीज-पंखा सांभाळणारी चिप) रिसेट करावं लागलं, बोटांची कसरत. २०२० च्या शेवटी स्वतःच्या चिपवाले आले त्यांना ते लागत नाही, रीस्टार्ट पुरतं. पण किंमत बघून मीच झोपले.

आजोबा ऑनलाइन
माझा प्रश्न उलटा आहे. माझा रात्री आपोआप उठतो. देवघराशेजारी ठेवतो. पहाटे अंधारात खोली उजळलेली, बायको घाबरली.

खटपट्या
आजोबा, कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, लास्टवेक. कोणी उठवलं ते बऱ्याचदा कळतं. अपडेटसाठी वेक टायमर असतात, पॉवर ऑप्शन्समध्ये बंद करा. माउसला धक्का लागूनही उठतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसची 'जागं करायची परवानगी' काढा. कीबोर्डची मात्र असू द्या.

आजोबा ऑनलाइन
माउसवर मांजर बसतं. आभार.

शाळा सुटली
मांडवीकाठ, बाबांचं पुस्तक छापलं का शेवटी?

मांडवीकाठ
नाही छापलं. हाताने वही पूर्ण केली. आधी टाइप केलेला भाग जुन्या फॉन्टमध्ये आहे, आता उघडला तर नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये बदलून देणारं कोणी असेल तर सांगा.

टक्स
कन्व्हर्टर आहेत. फॉन्टचं नाव कळवा. जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, वाचून दुरुस्त करावं लागेल.

अंत्रुजी
मुद्रितशोधन मी करेन. देवळांचा विषय असेल तर आनंदाने.

नवा मेंबर
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. माझा लॅपटॉप पेडण्यात, मी पण पेडण्यात. झोपेतून उठतो, कॅप्स लॉक लागतो, चार बटणांचं करून झालं, आवाज येतो, पडदा काळाच. उद्या सकाळी असाइनमेंट द्यायचीय.

खटपट्या
खोलीतला दिवा घालव. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मार. काही दिसतं?

नवा मेंबर
हो!! अक्षरं दिसतात, अगदी पुसट. म्हणजे?

खटपट्या
म्हणजे चित्र येतंय, मागचा उजेड गेलाय. झाकण हळूहळू मागेपुढे कर, एखाद्या कोनात लागला तर बिजागरीतली केबल. नाही लागला तर आज रात्रीपुरती एचडीएमआय केबल टीव्हीला लाव, विंडोजचं बटण आणि पी.

नवा मेंबर
टीव्हीवर आई मालिका बघतेय.

फोंड्याची सून
कुठली? साडेआठची असेल तर संपत आली.

नवा मेंबर
आज महाएपिसोड आहे. दोन तास.

डिचोलीचो
मग टॉर्चच्या उजेडात लिही.