आरओपी शमल्यावर बाळाची ईआरजी कशासाठी?

प्रश्न (नाशिक रोड):
आमची मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली. वजन ११५० ग्रॅम होते. काचपेटीत असतानाच तिची आरओपीची (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या आजाराची) तपासणी सुरू झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांना लेसर करावे लागले. आता आजार शमला असून पडदा जागेवर आहे, असे डॉक्टर सांगतात. तरीही त्यांनी ईआरजी (पडद्याचे विद्युत संकेत मोजणारी तपासणी) सुचवली आहे. पडदा नीट दिसत असताना ही तपासणी वेगळे काय सांगणार, आणि एवढ्या लहान बाळावर ती करतात तरी कशी?

उत्तर १ (नेत्रतपासणी तंत्रज्ञ, कॉलेज रोड):
आरओपीच्या तपासणीत पडदा दिसतो कसा हे पाहतात; प्रकाश पडल्यावर तो काम किती करतो, हे ईआरजीत मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. आलेखात आधी खाली जाणारी ‘ए’ लहर प्रकाशग्राही पेशींची असते आणि मागोमाग वर चढणारी ‘बी’ लहर मुख्यतः त्यांच्या पुढच्या द्विध्रुवी पेशींची. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारास झपाट्याने वाढत असतात आणि आरओपीही साधारण त्याच काळात बळावतो. त्यामुळे आजार शमल्यावरही दंडपेशींचा प्रतिसाद क्षीण राहू शकतो, असे बोस्टनच्या बालरुग्णालयातील फुल्टन आणि हॅन्सन यांच्या अभ्यासांत दिसले आहे.

तपासणीआधी बाळाला सुमारे २० मिनिटे पूर्ण अंधारात ठेवतात व नंतर मंद तांबड्या उजेडात इलेक्ट्रोड लावतात. तो बुबुळावर बसणारा असेल तर आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. पापणीखाली चिकटवायची पट्टी बाळाला सोसवते, पण तिच्यातून लहरी लहान येतात, म्हणून दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. भूल द्यावी लागल्यास तिचाही परिणाम लहरींवर होतो.

उत्तर २ (एका मुलाची आई, सिन्नर):
आमच्या अहवालात लहरी लहान आल्याचे वाचून घरातल्या सगळ्यांचाच धीर सुटला होता. डॉक्टरांनी मात्र वय जन्मतारखेपासून न धरता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायला सांगितले. तान्ह्या बाळाच्या लहरी मुळातच लहान आणि संथ असतात व वर्षभरात त्या वाढत जातात. अहवालावर हे सुधारित वय लिहिले आहे का, ते अवश्य पाहा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तिला पुढे किती दिसेल, हे यावरून कळेल का?

उत्तर १:
नाही. नेहमीची ईआरजी संपूर्ण पडद्याचा एकत्रित प्रतिसाद देते. मध्यभागातला लहानसा दोष तिच्यात लपून राहू शकतो आणि मेंदूपर्यंतच्या मार्गाविषयी ती काहीच सांगत नाही. लेसर झालेल्या मुलांत लघुदृष्टी (दूरचे धूसर दिसणे) आणि तिरळेपणा पुष्कळदा आढळतो. म्हणून अहवाल चांगला आला तरी चष्म्याच्या नंबराची तपासणी वेळच्या वेळी करत राहा.