मदत हवी आहे: कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय

अक्षरजुळणी: दिवाळी अंकाचं काम अंगावर आहे आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडून आपला आपण पुन्हा सुरू होतोय. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काहीच नाही. फॉरमॅट मारून झालं, अँटिव्हायरस फिरवून झाला. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला. अंक याच आठवड्यात प्रेसला जायचाय. काय बिघडलंय ते कृपया लवकर सांगा.

बोरूबहाद्दर: ताई, मशीन कोणतं, किती जुनं, रॅम किती, विंडोज कोणतं? नेमकं काय करत असताना बंद पडतं?

बापू_सातारकर: रॅमच आहे. काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने घासा, परत घट्ट बसवा. पावसाळ्यानंतर आमच्याकडे दरवर्षी हेच होतं.

धूळपाटी: बापू, रॅम गेली की बहुतेकदा निळा स्क्रीन तरी येतो. मला तापमानाचा संशय आहे. कॅबिनेट उघडून प्रोसेसरचा पंखा फिरतोय का बघा. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारी थर्मल पेस्ट वाळली असेल, नवी लावा.

अक्षरजुळणी: आय थ्री, आठ जीबी, चार-पाच वर्षांचं मशीन, विंडोज १०. पानं लावायला पेजमेकर आणि कोरल. काम करतानाच बंद पडतं, आणखी काय सांगू? धूळ दुकानदाराने काढली आहे.

मुक्तस्रोत: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पेजमेकर ७ तर २००१ सालचं. लिनक्स टाका, पानं लावायला स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा, मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) घ्या. एकदाच त्रास होईल.

अक्षरजुळणी: प्रेसवाला माझ्या फॉन्टमधलीच फाइल घेतो. अर्धा अंक लागलेला असताना सॉफ्टवेअर कसं बदलू?

बोरूबहाद्दर: मुक्तस्रोत, तो विषय वेगळ्या धाग्यात घ्या. पेजमेकर क्रॅश झालं तर पेजमेकर बंद होईल, मशीन नाही. ताई, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद आहे का? असेल तर तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड'समोर कोणता आकडा आहे?

अक्षरजुळणी: आहे, ढिगाने आहेत. सगळीकडे ०.

बोरूबहाद्दर: ४१ म्हणजे एवढंच की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं. निळा स्क्रीन आला असता तर त्याचा कोड तिथे दिसला असता. शून्य म्हणजे विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही. बहुतेक वेळा वीजच तुटलेली असते. मदरबोर्डला हात लावू नका, आधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तपासा.

बापू_सातारकर: रॅमनेही मशीन असं अचानक जातं, मी स्वतः पाहिलंय. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा.

गावठाण: मजकूर जात असेल तर वर्डमध्ये ऑटोरिकव्हर दहा मिनिटांवर असतं, ते दोनवर आणा.

अक्षरजुळणी: मी वर्ड वापरत नाही.

वायरमनकाका: मी इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून विचारतो. यूपीएस आहे का? मशीन बंद पडतं त्याच क्षणी मॉनिटरवरचा छोटा दिवाही विझतो का?

अक्षरजुळणी: यूपीएस आहेच की, ६०० व्हीएचा. दिवा विझतो, हो. यूपीएस पीप करतो आणि मग सगळंच जातं. वीज गेलेली नसते, पंखा चालू असतो. प्रूफ काढायला घेतलं की हमखास.

वायरमनकाका: प्रूफ कशावर काढता?

अक्षरजुळणी: लेझर प्रिंटर. कॉम्प्युटरबरोबर यूपीएसलाच जोडलाय.

वायरमनकाका: इथेच दुखणं आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. लेझर प्रिंटरचा फ्यूझर (टोनरची पूड कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापायला लागला की तो एकटाच क्षणभर आठशे-हजार वॉटपर्यंत ओढतो. व्होल्टेज खाली बसतं, यूपीएस बॅटरीवर जातो, त्याला तो भार झेपत नाही आणि तो मान टाकतो. प्रिंटर नुसता चालू असला तरी फ्यूझर अधूनमधून तापतो, म्हणून कधीकधी छापत नसतानाही होईल. प्रिंटर यूपीएसवरून काढून भिंतीच्या प्लगला लावा, तोही वेगळ्या बोर्डावर.

धूळपाटी: पण इतकी वर्षं कसं चाललं मग?

वायरमनकाका: बॅटरी नवी असताना असा क्षणाचा झटका कदाचित निभावत असेल. या बॅटऱ्या साधारण तीन वर्षांत दमतात.

अक्षरजुळणी: प्रिंटर भिंतीला लावला. अख्खा फॉर्म, म्हणजे अंकाची सोळा पानं, छापून काढला, एकदाही बंद पडला नाही. काका, खूप खूप आभार. आता पुढचा फॉर्म लावते. बॅटरी बदलायची तर कोणती घेऊ?

मुक्तस्रोत: अंक झाला की युनिकोडचं बघाच. मी मदत करीन.

वायरमनकाका: आधी यूपीएसचा प्लग काढून, आतली जुनी बॅटरी बघा. बहुतेक १२ व्होल्ट, ७ एएच असेल. त्याच मापाची घ्या आणि जुनी दुकानात परत द्या, थोडे पैसे वजा होतात. अंक प्रेसला जाईपर्यंत यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर ठेवा.