मदत हवी आहे: ग्रूमिंगला नेलेली कापशी पार भादरून परत मिळाली

अबोली

नमस्कार मंडळी. दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज सकाळी आईने विचारलं, "अगं, हिचे केस परत येतील ना गं?" आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आमची कापशी साडेआठ वर्षांची, पांढरीशुभ्र. सगळे तिला पॉमेरियन म्हणतात, पण आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की ही इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून घरोघरी असतात त्या बहुतेक ह्याच. आम्ही मुलुंडला राहतो. घरात मी, नवरा आणि आई. कापशी खरी आईची. रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून झाला की आई खुर्चीत बसते, कापशी येऊन पायाशी आडवी होते आणि पंधरावीस मिनिटं फणी चालते. आधी पाठ, मग मानेची झालर, शेवटी शेपूट. शेपटीची वेळ आली की कापशी आपणहून उठून पाठमोरी उभी राहते. साडेआठ वर्षांत ह्यात खंड नव्हता.

फेब्रुवारीत आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, नंतर फिजिओथेरपी. फणी करायचं काम माझ्याकडे आलं आणि ते माझ्याकडून नीट झालं नाही, हे आधीच कबूल करते. फोर्टहून घरी यायला आठ वाजतात. मी वरवर ब्रश फिरवायचे, पाठ छान दिसायची, मला वाटायचं झालं. एप्रिलमध्ये एक दिवस तिला उचलताना काखेत हात गेला, तर बोटांना घोंगडीचा तुकडा लागावा तसं लागलं. घट्ट, चपटं, कातडीला चिकटलेलं. कानांच्या मागे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूलाही तेच. पाठ, पोटाच्या कडा आणि शेपूट मात्र मोकळी होती.

म्हणून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या एका ग्रूमिंग सलूनमध्ये नेलं. नाव लिहीत नाही. शब्द मला आठवतात, कारण मी दोनदा सांगितलं: गाठी काढा, आंघोळ, नखं, पंजातले केस. अंगावरचे केस कमी करायचे नाहीत. काउंटरवरच्या मुलाने मान डोलावून वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. अकराला सोडली, तीन वाजता न्यायला या म्हणाले.

तीन वाजता माझ्या हातात जी दिली ती मला क्षणभर ओळखू आली नाही. डोकं तेवढं होतं तसं, गोल, पांढरं, आणि मानेखाली सगळं साफ. गुलाबी कातडी दिसत होती, त्यावर फिकट करडे ठिपके. ते ठिपके तिला आहेत हे मला साडेआठ वर्षांत माहीत नव्हतं. शेपूट सुतळीसारखी, टोकाला एक गोंडा ठेवलेला. ती शेपूट पाठीवर वळवतच नव्हती, खाली धरून होती. बिल बावीसशे रुपये, आणि त्यावर लिहिलेलं 'समर कट'.

मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, गाठी खूप होत्या, आणि उन्हाळा आहे, तिला बरंच वाटेल. महिन्याभरात येतात परत." मी म्हटलं, गाठी होत्या तर मला एक फोन का नाही केला? माझा नंबर तुमच्या वहीत आहे. तर "गर्दी होती." मग पाचशे रुपये परत देऊ केले. मी घेतले नाहीत. पैशांचं मला काही वाटत नाही. त्या चार तासांत कुणीतरी दोन मिनिटं काढून "ताई, काखेतलं निघत नाहीये, मशीन मारावं लागेल, चालेल का?" एवढं विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हणाले असते. मला कुणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखा डावा हात खाली केला. हात पाठीवर टेकला आणि तिथेच थांबला. ती काही बोलली नाही.

आता परिस्थिती अशी. काखेत आणि जांघेत लाल रेघा उठल्यात, त्या ती सतत चाटते. मागच्या उजव्या पायाच्या एका नखाला रक्त साकळलेलं होतं, ते आता सुकलंय. दिवसभर पलंगाखाली बसते. रात्री एसी लावला की कुडकुडते, म्हणून दोन रात्री बंद ठेवलाय. शेजारच्या काकू म्हणतात खोबरेल तेल लावा, केस भरभर येतील. लावू का? केस खरंच महिन्यात येतील का? तिला सकाळी खाली नेऊ की नको? आणि सलूनवाल्यांशी पुढे काय करावं? आईचा हात अजून महिनाभर तरी फणी धरण्याइतका होणार नाही, तोवर मी काय शिकून घ्यायला हवं तेही सांगा. फोटो टाकत नाही, मला बघवत नाही.

गुलबक्षी

अबोली, वाचून पोटात तुटलं. आमच्या स्पिट्झला २०१९ च्या मेमध्ये असंच भादरलं होतं, तेही आम्हीच सांगून, कारण उकडत असेल असं वाटलं. महिन्यात नाही येत हो केस. आमच्याकडे पाठीवरचे पूर्ण यायला चौदा महिने लागले. पण आले, हे आईंना नक्की सांगा. तेल लावू नका. ती चाटणार, पोट बिघडणार, आणि मुंबईच्या घामट हवेत तेलावर धूळ बसून कातडी आणखी चिकट होते.

आई हात लावते तेव्हा कापशी पलंगाखालून बाहेर येते का? आमची फक्त सासूबाईंच्या आवाजाला यायची.

कडुनिंब

अबोलीताई, मी अकरा वर्षं हे काम केलंय, आता पाठीच्या दुखण्यामुळे सोडलं. थोडं सविस्तर लिहितो.

आधी कातडीचं. तुम्ही सांगताय त्या लाल रेघा म्हणजे बहुधा क्लिपरचा चटका. मशीनचं पातं सतत चालवलं की तापतं. दर थोड्या वेळाने ते स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायचं असतं आणि गरम लागलं तर बदलायचं असतं. गर्दीत हेच राहून जातं. काख आणि जांघ इथली कातडी पातळ, तिथेच आधी लागतं. चटक्यापेक्षा चाटणं वाईट. चाटून जागा ओली राहते, आणि आपल्या दमट हवेत दोन दिवसांत चिघळते. त्यामुळे गळ्यात कोन (तोंड अंगापर्यंत पोचू नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर) घाला आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. तोवर थंड पाण्याने पिळलेलं सुती फडकं पाच मिनिटं ठेवा, मग टिपून कोरडं करा. डेटॉल नको, टी ट्री ऑइल नको, बाळांच्या रॅशची झिंकवाली क्रीम तर मुळीच नको. ती पोटात गेली की कुत्र्याला विषारी ठरते.

आता केसांचं. स्पिट्झच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ लोकर आणि बाहेर लांब, राठ केस. बाहेरचे ऊन अडवतात, आतली लोकर हवा धरून ठेवते. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घामाने थंड होत नाही, ते धापा टाकून होतं. म्हणून उन्हाळ्यात भादरलं की बरं वाटतं हा समज ह्या जातींना लागू नाही. उलट गुलाबी कातडीला ऊन थेट लागतं. सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच न्या. एसीत अंगावर सुती काहीतरी घाला.

परत येताना आधी लोकर येते, राठ केस मागून. त्यामुळे मधले काही महिने अंग चट्ट्याचट्ट्यांचं, फुगीर दिसेल. घाबरू नका. साधारण सहा महिने ते वर्ष धरा, काहींना त्याहून जास्त लागतं. क्वचित काही भागावर केस येणंच बराच काळ थांबतं, स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांत हे दिसतं. सहा महिन्यांनीही पाठ तशीच राहिली तर डॉक्टरांना थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगा. साडेआठ वर्षांच्या वयात तेही कारण असू शकतं.

सलूनबद्दल खरं सांगतो. काखेत आणि कानामागे तुम्ही वर्णन केलंत तशा गाठी असतील तर मीही मशीनच मारलं असतं. घोंगडी झालेला केस विंचरून काढणं म्हणजे कुत्र्याला तासभर ओरबाडणं. दहा नंबरचं पातं गाठीखाली घालून तेवढाच तुकडा उचलायचा, दीड मिलिमीटर केस राहतो, लोकांना वाईट दिसतं पण कुत्रं सुटतं. इथवर त्यांचं चूक नाही. पण पाठ मोकळी होती म्हणता, शेपूट मोकळी होती म्हणता. तिथे मशीन फिरवायला काहीच कारण नव्हतं. पूर्ण अंग एकसारखं भादरायला पाऊण तास, जागोजागच्या गाठी उचलून बाकी विंचरायला अडीच. त्यांनी वेळ वाचवला. आणि फोन न करणं तर अक्षम्य. आम्ही कात्री लावायच्या आधी मालकाला टेबलापाशी बोलावून गाठ हाताला लावून दाखवायचो.

फास्ट_लोकल

बिल फाडू नका. 'समर कट' हे बिलावर आहे आणि तुम्ही सांगितलेलं वेगळं, हाच मुद्दा आहे. तारखेसकट फोटो काढून ठेवा, बघवत नसले तरी. डॉक्टरांकडून चटक्याबद्दल लेखी घ्या. मग सलूनला शांत शब्दांत एक ईमेल. त्याला उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. माझं मत विचाराल तर ईमेलवरच भागतं. मालक बहुतेकदा काउंटरवर नसतो, त्याला घडलेलं माहीतच नसतं.

चाफा

आम्ही आमच्या शिट्झूला दर दोन महिन्यांनी बारीक करून आणतो, त्याला कधी काही झालं नाही. एवढं मनाला लावून घेऊ नका.

कडुनिंब

चाफा, शिट्झूचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात, ते कापावेच लागतात. स्पिट्झचे ठराविक लांबीला थांबतात आणि ऋतूप्रमाणे गळतात. दोघांना एक माप लावता येत नाही. सलूनमध्येही नेमकी हीच गल्लत होते.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याने लिहिते आहे.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. क्लिपरचाच चटका होता, जांघेत एका जागी पू धरायला सुरुवात झाली होती. धुवायला औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आता लाली उतरली आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहूनही दिलं.

आईने डाव्या हाताने आणि माझ्या मदतीने जुन्या सुती साडीचं झबलं शिवलं. मी मशीनचं चाक फिरवलं, तिने कापड सरकवलं. बंद मागे आहेत. कापशीने पहिल्या दिवशी ते दातांनी ओढलं, आता घातलं की पलंगाखालून बाहेर येते. गुलबक्षी, हो, आईच्या आवाजाला येते. कालपासून तिन्हीसांजेला येऊन पायाशी आडवीही होते. आई फणी घेत नाही, नुसता तळहात फिरवते, मानेपासून शेपटीपर्यंत, त्याच क्रमाने. शेपटीपाशी कापशी उठून पाठमोरी उभी राहिली तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून गेले.

सलूनला ईमेल केली. मालकीणबाईंचा स्वतः फोन आला. त्यांनी वही काढून बघितली, त्यात 'गाठी, बाथ, नखं' एवढंच लिहिलेलं होतं, 'केस कमी नको' लिहिलंच नव्हतं, आणि आतल्या माणसाला तोंडी निरोप 'समर कट' असा गेला. त्यांनी माफी मागितली, पूर्ण पैसे आणि डॉक्टरांचं बिल दिलं. मशीन लावण्याआधी मालकाला फोन करून वहीत वेळ टाकायची असा नियम केला म्हणाल्या. मी पुढे तक्रार करणार नाही. पुन्हा तिथे नेईन की नाही, ते आज सांगता येत नाही. मनातून अजून गेलेलं नाही.

कडुनिंब, एक विचारायचं राहिलं. लोकर आधी येणार म्हणालात, म्हणजे तेव्हा गाठी लवकर होणार ना? मी आतापासून रोज दहा मिनिटं बसायचं ठरवलंय. ब्रश वरूनच फिरतो हे आता कळलं, मग काय घ्यायचं?

कडुनिंब

बरोबर ओळखलंत, लोकर फार लवकर अडकते. स्टीलचा कंगवा घ्या, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असलेला. केस बोटाने उलटे धरायचे आणि कातडीपासून बाहेर, थोडे थोडे. कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडकला नाही तरच ती जागा झाली म्हणायची. काख, कानामागे, मांडीमागे आधी, पाठ शेवटी. गाठ लागली तर पाणी लावू नका, ओली झाली की आवळते. आंघोळ नेहमी विंचरून झाल्यावर. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की भिजून आली त्या दिवशी पंख्याखाली सोडून देऊ नका, ड्रायर थंड हवेवर ठेवून आतली लोकर सुकवा.

अबोली

शनिवारी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन घेऊन येते. आई म्हणते मूठ जाड असलेला बघ, तिच्या मनगटाला पेलला पाहिजे. तसा मिळतो का?