दुबईला फोन: व्हॉट्सॲप कॉल लागत नसेल तर

मुलगा नुकताच दुबईला गेलाय, व्हॉट्सॲप कॉल लागत नाही आणि साधा आयएसडी परवडत नाही, असं ताईंनी विचारलंय. ताई, फोन बिघडलेला नाही. अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात, कॉल बंद असतात.

माझा धाकटा भाऊ शारजाला आहे. रत्नागिरीला आईच्या फोनवर आम्ही बोटिम हे कॉल करायचं ॲप टाकून दिलंय. अमिरातीत या ॲपला परवानगी आहे. दोन्हीकडे तेच ॲप लागतं. झूम, गूगल मीटही चालतं, पण लिंक उघडताना आई गोंधळते. बोटिमवर त्याच्या फोटोवर बोट ठेवलं की झालं.

कुणी व्हीपीएन (फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, लपवणारं ॲप) सुचवलं तर कृपया ऐकू नका. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी पत्ता लपवून गुन्हा केल्यास किमान ५ लाख दिरहम दंड आहे. नोकरीसाठी गेलेल्या पोराने ही जोखीम कशाला घ्यायची?

आणि व्हॉइस मेसेज विसरू नका, ते व्हॉट्सॲपवर व्यवस्थित जातात. तिथलं घड्याळ दीड तास मागे. आई झोपण्याआधी दिवसभराचं सगळं बोलून ठेवते, अगदी मांजरीला पिल्लं झाली तेसुद्धा. भाऊ सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते ऐकतो.